गेलेल्या माणसाची आठवण : खरी ठेवावी की गोड?

मितभाषिणी :

वडिलांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्या निमित्ताने कुटुंबापुरती एक छोटी पुस्तिका काढावी असे आम्हा तिघा भावंडांचे ठरले आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पहिला मसुदा वाचून थोरल्या भावाने दोन परिच्छेदांवर आडवी रेघ मारली. पहिल्यात वडिलांच्या रागाबद्दल लिहिले होते. ते चिडले की आवाज चढवत नसत. बोलणेच बंद करत, आणि मग घरातल्या सगळ्यांना दबक्या पावलांनी वावरावे लागे. दुसऱ्यात, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाच्या निवडीवरून त्यांनी तिच्याशी कित्येक महिने धरलेल्या अबोल्याचा उल्लेख होता.

भावाचे म्हणणे असे की, ज्या माणसाला आता उत्तर देता येणार नाही त्याच्याबद्दल असे लिहू नये, आणि पुस्तिका नातवंडांच्या हाती पडणार असल्यामुळे तिच्यात त्यांना अभिमान वाटेल असेच आजोबा असावेत. मला ते पटत नाही. तो अबोला काढून टाकला तर पानावर जो समंजस, शांत गृहस्थ उरतो त्याला मी कधी भेटलेलेच नाही. मला आठवतात ते शब्दकोशाच्या समासात बारीक पेन्सिलीने ‘हा अर्थ अपुरा आहे’ असे लिहून कोशकारांशी वाद घालणारे वडील. तो हट्ट आणि तो अबोला एकाच स्वभावातून आले होते, असे मला वाटते.

गेलेला माणूस आपल्या आठवणीत जगतो, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे मानले तर त्याला तिथे कसे जगू द्यायचे, ही जबाबदारीही आपल्यावर येते. म्हणून विचारते : गेलेल्या माणसाची आठवण खरी ठेवावी की गोड? ज्यांनी असे काही लिहिले आहे, किंवा लिहिण्याचे मुद्दाम टाळले आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

उत्तरायण :

तुमच्या बंधूंची बाजू घेणारा इथे बहुधा मी एकटाच असेन, म्हणून ती आधीच मांडून ठेवतो. ‘मरणान्तानि वैराणि’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मृतांविषयी वाईट बोलू नये, हा उपदेश ग्रीकांकडे स्पार्टाच्या खिलॉनच्या नावावर सांगितला जातो. इतक्या दूरच्या दोन समाजांना एकच गोष्ट सुचते, तेव्हा तिच्यामागे नुसता भाबडेपणा नसावा. जिवंत माणसाला बोल लावला तर तो खुलासा करतो, चिडतो, क्वचित क्षमाही मागतो. मृताला यांतले काहीच शक्य नसते, आणि एकाच पक्षाचे ऐकून दिलेल्या निकालाला कोणीही न्याय म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा छपाईचा आहे. बोलण्यातली आठवण सैल असते. कुणी म्हणते, ‘फार तापट होते’, लगेच दुसरे कुणी म्हणते, ‘अहो, पण माझ्या आजारपणात रात्र रात्र तेच बसले होते’, आणि तोल आपोआप सावरला जातो. छापलेल्या पानाला मध्येच टोकणारे कुणी नसते. वीस वर्षांनी पुस्तिका उघडणाऱ्या पणतूला दोन परिच्छेदांतला राग तेवढा ठळक दिसेल, आणि त्याच्या आगेमागे असलेले संबंध आयुष्य दिसणार नाही.

तिरकस :

मृत्यूच्या बातम्या आणि श्रद्धांजल्या मी नेमाने वाचतो. जाणारा प्रत्येक जण मनमिळाऊ, हसतमुख आणि परोपकारी असतो. याचा अर्थ भांडखोर, कुचकट आणि उसने घेतलेले परत न करणारे लोक अमर असतात, असाच होतो. आणि आजूबाजूला पाहिले तर पुरावाही तसाच दिसतो.

शंकेखोर :

उत्तरायण यांचा पूर्ण आदर राखून सांगतो की, त्यांनी दिलेला आधार त्यांच्याच विरुद्ध जातो. ‘मरणान्तानि वैराणि’ हे राम बिभीषणाला सांगतो ते रावणाच्या अंत्यसंस्काराच्या वेळी. रावणाची कृत्ये आठवून बिभीषण संस्कार करायला कचरत असतो. त्याला राम म्हणतो की वैर मरणापाशी संपते, आपले प्रयोजन पूर्ण झाले आहे, आता याचे संस्कार कर, हा जसा तुझा तसाच माझाही आहे. द्वेष इथेच थांबव, एवढेच त्यात सांगितले आहे. रावणाने काय केले ते विसर, असे कुठेही सांगितलेले नाही. आणि ज्या काव्यात हा श्लोक आहे त्या काव्यानेही रावणाच्या एकाही दुष्कृत्यावर रेघ मारलेली नाही.

छापील पानाला टोकणारे कुणी नसते, हा मुद्दा मात्र गंभीर आहे. परंतु तो गोड पुस्तिकेलाही तितकाच लागू होतो. तिलाही कुणी टोकणार नाही.

ग्रंथकीटक :

चर्चा खरी विरुद्ध गोड अशी चालली आहे. पण आपल्यापाशी खरी आठवण शिल्लक आहे, हे गृहीत तरी कितपत धरावे? केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली होती आणि ती काही काळाने, पुन्हा पुन्हा, आठवून लिहायला सांगितली होती. योगायोग असा की त्या कथेत भुतांची लढाई आणि एका तरुणाचा मृत्यू आहे. दर वेळी कथा आखूड होत गेली, न कळलेले तपशील गळून पडले, अनोळखी वस्तूंच्या जागी ओळखीच्या आल्या, आणि मूळ कथेत जिथे कारण सांगितलेले नव्हते तिथे लोकांनी पदरचे कारण घातले. आठवणे म्हणजे साठवलेले बाहेर काढणे नसून दर वेळी नव्याने जुळवणे असते, असा निष्कर्ष बार्टलेट यांनी त्यावरून काढला.

पुढे २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली की ती काही काळ कच्ची होते आणि मेंदूला ती नव्याने पक्की करावी लागते. नेमक्या त्या वेळी मेंदूच्या संबंधित भागातील प्रथिननिर्मिती रोखली तर आठवण दुबळी पडते. उंदराच्या भीतीवरून माणसाच्या शोकाबद्दल थेट काही ठरवू नये हे मान्य आहे, पण एक शंका तरी जरूर घ्यावी. गेलेल्या माणसाचे जे चार-दोन प्रसंग आपण सतत काढत बसतो, त्यांच्यावर आपल्याच बोटांचे ठसे सर्वांत जास्त असणार.

म्हणून मितभाषिणी यांना माझी सूचना अशी की, अबोला खरा होता की नव्हता यापेक्षा, तो तिघांना कसकसा आठवतो ते आधी वेगवेगळे लिहून पाहावे. आणि शब्दकोशाच्या समासातील त्या टिपा पुस्तिकेत जशाच्या तशा छापाव्यात. त्या तरी कुणी आठवणीतून जुळवलेल्या नाहीत.

रात्रपाळी :

मी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या कक्षात परिचारिका आहे, त्यामुळे या प्रश्नातली जाणाऱ्याची बाजू माझ्या रोजच्या पाहण्यात आहे. आमच्याकडे एक गृहस्थ होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारत : ‘माझे कोणते वागणे तुला खटकले ते सांग, अजून मला उत्तर देता येते.’ येणारे कसनुसे हसत, ‘तुमच्यासारखा माणूस होणे नाही’ असे काहीतरी पुटपुटत आणि उगाचच उशी सारखी करून देत. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ते वैतागून मला म्हणाले, ‘या लोकांनी मला आधीच मारून टाकले आहे, आता फक्त तारीख पडायची बाकी आहे.’

उत्तरायणकाका म्हणतात की मृताला खुलासा करता येत नाही. मला दिसते ते असे की, ज्याला खुलासा करता येत असतो त्यालाही आपण ती संधी देत नाही. गोड आठवणीची तयारी माणूस समोर अंथरुणावर असतानाच सुरू होते. अर्थात सगळे रुग्ण त्या गृहस्थांसारखे नसतात. काहींना शेवटी फक्त चांगलेच ऐकायचे असते, आणि ते त्यांना ऐकवण्यात मला कधीही खोटेपणा वाटलेला नाही.

थोडे अवांतर. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले नकार, राग, सौदा, नैराश्य आणि स्वीकार हे टप्पे हल्ली सर्रास मागे राहिलेल्यांना लावले जातात. मुळात ती मांडणी मरणाच्या वाटेवरील रुग्णांशी झालेल्या संवादातून आली होती. मागे राहिलेल्यांनी आपण ‘कितव्या टप्प्यावर’ आहोत हे तपासत बसू नये, एवढेच सांगायचे होते.

नवखा_वाचक :

माझा एक मित्र अचानक गेला. त्याच्याशी झालेले सगळे संभाषण माझ्या फोनमध्ये आहे आणि त्यातला त्याचा शेवटचा संदेश असा आहे : ‘माझा चार्जर परत दे. तिसऱ्यांदा सांगतोय.’ त्याच्या स्मरणार्थ आम्ही मित्रांनी एकत्र बसून बोलायचे ठरवले तेव्हा प्रत्येकाने त्याच्या मदतीच्या गोष्टी सांगितल्या आणि त्या सगळ्या खऱ्या होत्या. मी तो संदेश वाचून दाखवला तेव्हा आधी शांतता पसरली, मग सगळे एकदम हसायला लागले, आणि त्यानंतरच तो कसा चिकट होता, वस्तूंच्या बाबतीत किती काटेकोर होता, पुस्तक देताना त्यावर तारीख कशी घालत असे, हे सगळे बाहेर आले. तोपर्यंत तिथे कुणा आदर्श तरुणाबद्दल बोलणे चालले होते. त्या हसण्यानंतर आम्ही आमच्या मित्राबद्दल बोलू लागलो.

त्या संदेशांवरून त्याच्यासारखे बोलणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कार्यक्रम बनवता येईल, असे एकाने सुचवले होते. मला ते नको वाटले, पण का नको वाटले ते त्याला धड सांगता आले नाही.

कृष्णविवर :

नवखा_वाचक यांना न सापडलेले कारण मी सांगून पाहतो. २०२० मध्ये दक्षिण कोरियातील एका दूरचित्रवाणी वाहिनीने एका आईला तिच्या मृत मुलीची आभासी प्रतिकृती भेटवली होती. डोळ्यांवर यंत्र चढवलेली ती आई समोरच्या पोकळीत हात फिरवते आहे, हे दृश्य जगभर पाहिले गेले. त्या आईला काय वाटले असेल याचा न्याय करणारा मी कोण? पण अशी प्रतिकृती म्हणजे गोड आठवणीचे टोक आहे. ती आपल्याला हवे तेच बोलते. ती रुसत नाही, आणि नको त्या वेळी चार्जरही मागत नाही.

याच्या नेमके उलटे उदाहरण जपानमधील ओत्सुची येथे आहे. इतारू सासाकी या गृहस्थांनी २०१० मध्ये, आपल्या चुलतभावाच्या मृत्यूनंतर, बागेत एक दूरध्वनीची खोली उभारली. तिथल्या दूरध्वनीला तारच जोडलेली नाही. पुढच्याच वर्षी त्सुनामी आली आणि तेव्हापासून आपली माणसे गमावलेले हजारो लोक तिथे जाऊन बोलून आले आहेत. पलीकडून काहीही ऐकू येत नाही, त्यामुळे तो काय म्हणाला असता हे बोलणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते, आणि जो माणूस आपल्याला नीट ठाऊक आहे तो काय म्हणाला असता हे ठरवताना फारशी लबाडी करता येत नाही. गेलेल्याला गप्प राहू देण्यात त्याचा मान आहे, असे मला वाटते.

बाकी मरणाची भीती बाळगणाऱ्यांसाठी एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाने सांगून ठेवलेच आहे की, आपण असतो तोवर मरण नसते, आणि मरण येते तेव्हा आपण नसतो.

सोनचाफा :

एपिक्युरसने जाणाऱ्याची सोय लावली, मागे उरणाऱ्याची नाही. मरण येते तेव्हा मी असतेच की, फक्त ते दुसऱ्याचे असते.

इतका वेळ वाचत होते, पण इथे सगळ्यांनी गोड आठवणीला जरा जास्तच धारेवर धरले आहे. माझे यजमान गेल्यानंतर सुरुवातीच्या काळात मला त्यांचे फक्त चांगलेच आठवत असे, आणि ते मी ठरवून केलेले नव्हते. संध्याकाळी दाराशी त्यांची चाहूल लागल्यासारखे वाटे. त्यांच्या खुर्चीकडे पाठ करून बसले तरी ते तिथे आहेत हे कळत असे. त्या दिवसांत कुणी मला ‘पण त्यांचा हा दोषही होता’ असे समतोल साधण्यासाठी सांगितले असते, तर मी त्यांना घराबाहेर काढले असते. पुढे कधीतरी, कपाट आवरताना, त्यांनी मला न सांगता केलेल्या एका व्यवहाराचे कागद हाती आले आणि मी त्यांच्यावर मनसोक्त चिडले. मोठ्याने बोललेदेखील. तेव्हा कुठे मला वाटले की आता आपण बऱ्या होत आहोत. त्यामुळे खरी की गोड, याइतकाच केव्हा हाही प्रश्न आहे, आणि वर्ष हा काळ फार नाही.

चाहूल लागण्याची गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. वेड लागले आहे असे लोक म्हणतील असे वाटायचे.

ग्रंथकीटक :

सोनचाफाताई, वेड वगैरे काही नाही, आणि न सांगणाऱ्याही तुम्ही एकट्या नाही. ड्युई रीस या वेल्समधील डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांशी बोलून १९७१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध लिहिला. त्यांतील जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराचे अस्तित्व कधी ना कधी जाणवले होते. दिसणे किंवा ऐकू येणे त्यामानाने कमी. नुसते ‘असल्यासारखे वाटणे’ सर्वांत जास्त. बहुतेकांनी ते कुणालाही सांगितलेले नव्हते, आणि पुष्कळांना त्याचा आधारच वाटला होता.

मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचे उदाहरणही इथे बोलके आहे. १९१७ च्या निबंधात त्यांनी अशी मांडणी केली की, शोकाचे काम म्हणजे गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन थोडे थोडे सोडवून घेणे. त्यानंतर १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी साथीच्या तापाने गेली. ती असती तर ३६ वर्षांची झाली असती, त्या दिवसाच्या सुमारास, १९२९ मध्ये, त्यांनी पुत्रशोकात असलेल्या लुडविग बिन्सवांगर यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, तीव्र दुःख ओसरते, पण आपले सांत्वन होत नाही आणि ती जागा कशानेही भरून निघत नाही. आणि ते तसेच असायला हवे, कारण जे प्रेम सोडायचे नाही ते टिकवण्याचा तेवढाच मार्ग आहे. स्वतःवर वेळ आली तेव्हा सिद्धान्तकर्त्याचे मन काही सुटले नाही. पुढे १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात हे नाते तोडायचे नसून बदलत बदलत चालू ठेवायचे असते, अशी भूमिका स्पष्टपणे मांडली गेली. सोनचाफाताईंचे कपाटासमोरचे भांडण हा त्याचा उत्तम नमुना म्हणावा लागेल.

तिरकस :

म्हणजे लग्नाची बेडी मरणानंतरही सुटत नाही, हे आता शास्त्रानेही मान्य केले. आमच्या सौभाग्यवतींना हा धागा दाखवणार नाही.

शंकेखोर :

एक मूलभूत शंका. आठवण इतकी बेभरवशाची आणि इतकी त्रासदायक असेल, तर विसरून जाणे हाच निसर्गाचा उपाय का मानू नये?

रात्रपाळी :

शंकेखोर, न आठवणाऱ्यांचा शोक मी पाहिला आहे, म्हणून लिहिते. हेन्री मोलेसन या अमेरिकी गृहस्थांवर अपस्मारासाठी १९५३ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर, २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांच्या मनात नवी आठवण टिकतच नसे. त्यांच्या आवडत्या काकांच्या मृत्यूची बातमी कळली की ते व्याकूळ होत, थोड्या वेळाने सगळे विसरत, आणि काका भेटायला कधी येणार, असे विचारत. पुन्हा सांगितले की पुन्हा तितकेच व्याकूळ होत. त्यांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी ते नोंदवून ठेवले आहे.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबाबत आमच्याकडे हेच घडते. नवरा कुठे आहे, असे एखाद्या आजी विचारतात. मुलगी खरे सांगते आणि आजींना दर वेळी पहिल्यांदाच वैधव्य येते. आम्ही अशा मुलींना सांगतो की खरे उत्तर देण्याचा हट्ट धरू नका, ‘बाबा कसे होते ते सांग ना मला’ असे विचारा. आजी मग नवऱ्याबद्दल बोलत राहतात, आणि तक्रारीसुद्धा करतात. शोक जुना व्हायला आठवण लागते. विसरणाऱ्याचा शोक कायम ताजा राहतो.

पानगळ :

माझा अनुभव या सगळ्यांत बसत नाही. माझे वडील घरात क्रूर होते आणि बाहेर लोकप्रिय होते. ते गेल्यावर झालेल्या सभेत एकामागून एक लोक त्यांच्या प्रेमळपणाबद्दल बोलत होते, आणि मी पहिल्या रांगेत बसून विचार करत होते की, मग मी जे सोसले ते मला स्वप्नात पडले होते की काय. मरणापेक्षा त्या सभेचा मला अधिक त्रास झाला. गोड आठवण निरुपद्रवी असते असे ज्यांना वाटते, त्यांनी ती कुणाच्या तोंडावर हात ठेवून सांगितली जाते आहे, हेही पाहावे.

मला सूडबुद्धीने काही लिहायचे नाही. मी लिहिलेलेही नाही. फक्त कुणी मला त्यांच्या गुणांना दुजोरा द्यायला सांगू नये, इतकीच अपेक्षा आहे.

उत्तरायण :

पानगळ, तुमच्या प्रतिसादापुढे माझा न्यायालयाचा दाखला लागू पडत नाही. सोसणाऱ्याची साक्ष ही एकतर्फी सुनावणी नसते, आणि ती मृत्यूने रद्द होत नाही.

पण याच धाग्याने मला मूळ प्रश्नाकडे परत यायचे आहे, कारण उंदीर, जपान आणि फ्रॉइड या प्रवासात तो जरा मागे पडला आहे. साक्ष द्यायची ती सोसणाऱ्याने, असे मानले तर मितभाषिणी यांच्या दोन परिच्छेदांत फरक करावा लागेल. घरभर पसरणारा तो राग त्यांनी स्वतः अनुभवलेला आहे. तो लिहिण्याचा त्यांना अधिकार आहे आणि त्यावर रेघ मारण्याचा बंधूंना नाही. परंतु दुसरा अबोला धाकट्या बहिणीच्या वाट्याचा होता. थोरला भाऊ तो गाळू पाहतो आहे आणि मधली बहीण तो छापू पाहते आहे. जिच्याशी तो धरला गेला तिला कुणी विचारले आहे का? धागाकर्तीच्या निवेदनात तिचे मत कुठेही आलेले नाही, हे माझ्या पहिल्यापासून लक्षात आले होते.

मितभाषिणी :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरायणकाकांचा प्रतिसाद वाचून बहिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘लिही, खुशाल लिही, पण अर्धेच का लिहितेस?’ मग तिने जे सांगितले ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. अबोल्याच्या त्या महिन्यांत वडील रोज सकाळी तिच्या टेबलावर वर्तमानपत्रातले एखादे कात्रण ठेवून जात. ती शिकत होती त्या विषयावरचे, कडा पट्टी लावून सरळ कापलेले, वर पेन्सिलीने तारीख आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघ. शब्द एकही नाही. मी हे ऐकून गहिवरले आणि म्हटले की, मग तर ते मनातून केव्हाच विरघळले होते. त्यावर ती फिस्सकन हसली. म्हणाली, ‘त्यातली बहुतेक कात्रणे त्या क्षेत्रात नोकऱ्या कशा मिळत नाहीत याबद्दलची होती.’

सगळी कात्रणे तिने एका फायलीत लावून ठेवली आहेत. आता माझी अडचण वाढली आहे, कारण हा प्रसंग गोड आहे की कडू हेच मला ठरवता येत नाही. भावाला सांगितले तर तो म्हणतो की कात्रणे ठेवत असत एवढेच लिही, ती कशाबद्दल होती ते लिहू नकोस.

कृष्णविवर :

तुमच्या बंधूंना संपादनाची चांगली जाण आहे, फक्त ती चुकीच्या दिशेने वापरली जात आहे. त्या प्रसंगाचा सगळा जीव ती कात्रणे कशाबद्दल होती यातच आहे.

ग्रंथकीटक :

तिघांच्या आठवणी एका लेखात मिसळू नका, असे आता आग्रहाने सांगतो. स्मरणकलेच्या उगमाची एक कथा सिसेरो या रोमन वक्त्याने सांगितली आहे. सिमोनिडीज हा कवी मेजवानीतून क्षणभर बाहेर गेला असताना छत कोसळले आणि आतले लोक ओळखू येणार नाहीत इतके चिरडले गेले. कोण कुठे, कोणाच्या शेजारी बसले होते हे त्याला आठवत होते, म्हणून नातेवाइकांना आपापली माणसे मिळाली. वॉशिंग्टनमध्ये १९८२ साली उभ्या राहिलेल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकावर माया लिन यांनी सुमारे ५८ हजार नावे वर्णानुक्रमे न लावता मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने लावली. एकाच चकमकीत पडलेले त्यामुळे भिंतीवरही एकमेकांजवळ राहिले. दोन्ही ठिकाणी माणूस सापडतो तो त्याच्या शेजाऱ्यांवरून.

तुमच्या वडिलांबद्दल तिघांनी तीन स्वतंत्र लेख लिहावेत, प्रत्येकाखाली त्याचे नाव असावे आणि ते शेजारी शेजारी छापावेत. बंधूंच्या लेखातले वडील शांत असतील तर असू देत; पान उलटले की वाचकाला दुसरे भेटतील. छापील पानाला टोकणारे कुणी नसते, या उत्तरायण यांच्या आक्षेपालाही त्यातून काहीसे उत्तर मिळते.

उत्तरायण :

काहीसे मिळते. ज्याचे मूल लिहिणारे नाही त्याची बाजू कोण छापणार, हा प्रश्न उरतोच. पण तो या कुटुंबापुरता नाही.

सोनचाफा :

मितभाषिणी, एक विनंती. भावाचा लेख आला की तो दुरुस्त करायला घेऊ नका. त्यांना शांत वडील आठवत असतील तर कदाचित थोरल्या मुलाच्या वाट्याला ते खरेच तसे आले असतील. मुलांच्या वयांत अंतर असले की एकाच घरात दोन वेगळे बाप होऊन जातात.

मितभाषिणी :

हे माझ्या मनात आले नव्हते, आणि आईच्या बोलण्यातून त्याला दुजोराही मिळतो. तिच्या मते भाऊ लहान असताना वडील पुष्कळ बोलत असत. तिघांनी स्वतंत्र लिहायचे ठरले आहे. शब्दकोशाची दोन पाने आणि तीन कात्रणे चित्ररूपात छापू. कोणती तीन, यावर बहीण आणि भाऊ यांच्यात कालपासून वाद चालू आहे. त्यांचा एकमेकांशी अबोला मात्र अजून सुरू झालेला नाही.

तिरकस :

सगळा धागा वाचला, सिमोनिडीजसकट. मुख्य गोष्ट कुणीच विचारली नाही : बहिणीला त्या क्षेत्रात नोकरी मिळाली का?

मितभाषिणी :

मिळाली, आणि चांगली मिळाली. पण ती बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात न आल्यामुळे वडिलांनी तिच्याबद्दल काहीही म्हटले नाही.